किल्ल्यातला धूर जायचा कुठे?

मध्ययुगीन युरोपावरच्या कुठल्याही मालिकेत एक दृश्य हमखास असतं. दगडी दिवाणखाना, भिंतीत माणूस उभा राहील एवढी मोठी शेकोटी, समोर लांबलचक टेबलावर बसलेली पंगत आणि हवा मात्र काचेसारखी स्वच्छ. ते बघताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो: धूर गेला कुठे?

उत्तर शोधायला इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सरहद्दीजवळच्या स्टोकसे किल्ल्यात जाऊ. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या बड्या व्यापाऱ्याने १२८०च्या दशकात तो उभारला. त्याचा दिवाणखाना १६.६ मीटर लांब आणि ९.४ मीटर रुंद आहे आणि एवढ्या मोठ्या दालनाला धुराडं नव्हतंच. जमिनीवर अष्टकोनी दगडी चुलवण, त्यावर उघडी आग, बस्स. ते चुलवण आजही तिथे आहे आणि छपराच्या लाकडांवरची काजळीही. ज्यांनी आजोळी चुलीच्या स्वयंपाकघराचं आढं पाहिलंय, त्यांना तो काळा रंग लगेच ओळखू येईल.

मग माणसं तिथे बसत-जेवत कशी? गरम धूर वर चढतो, पण चढताना आजूबाजूची गार हवा त्यात मिसळते आणि तो निवत जातो. भोवतालच्या हवेइतका निवला की त्याचं चढणं थांबतं आणि तो आडवा पसरतो. उंच छप्पर म्हणजे धूर साठवायची जागा. खाली बाकावर बसलेला माणूस त्या थराच्या खाली राहतो आणि धूर वरच्या झडपांतून, फटींतून हळूहळू बाहेर पडतो. सरपण ओलं असेल तर मात्र सगळं बिघडतं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. आगीची ताकद ते पाणी उडवण्यात जाते, धूर कमी गरम निघतो आणि डोक्याच्या उंचीवरच रेंगाळतो. तोडलेलं लाकूड वर्ष-दोन वर्षं वाळवायचं काम त्या काळी सगळ्यांच्या डोळ्यांशी निगडित होतं.

आता धुराड्याकडे येऊ, कारण मला मनापासून आवडतं ते हेच. ‘धुराडं धूर ओढतं’ असं आपण म्हणतो. खरं तर धुराडं काहीच ओढत नाही. बाहेरची गार, जड हवा खालून रेटते आणि आतली हलकी हवा वर ढकलली जाते. आकडेच मांडू. बाहेर ५ अंश सेल्सिअस असताना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२७ किलो भरतं. धुराड्यातली हवा सरासरी १०५ अंशांवर असेल तर ते ०.९३ किलो. फरक ०.३४ किलोचा. धुराडं १० मीटर उंच असेल तर दर चौरस मीटरला ३.४ किलोचा फरक, म्हणजे सुमारे ३३ पास्कल दाब. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो. त्याचा हा तीन हजारावा हिस्सा. एवढ्याशा रेट्यावर सगळा कारभार चालतो. आणि तो उंचीच्या प्रमाणात असतो: उंची निम्मी केली की रेटाही निम्मा.

इंग्लंडमधल्याच कोल्चेस्टर शहरात, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांनी अकराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्यात हे फार छान दिसतं. तिथे शेकोट्या भिंतीत आहेत, पण धूरवाट छपरापर्यंत जात नाही. भिंतीच्या जाडीतून थोडी वर चढते आणि भिंतीतल्याच भोकांतून बाहेर पडते. समजा ही वाट ३ मीटरची, तर रेटा जेमतेम १० पास्कल. समोरून ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा आला, तरी त्याचा दाब सुमारे १६ पास्कल होतो. वारा जिंकतो आणि धूर उलटा खोलीत. तेच धुराड्याचं तोंड छपराच्या वर काढलं की वारा त्यावरून आडवा वाहतो, तिथला दाब कमी होतो आणि उलट मदतच होते. उंच धुराडं म्हणूनच पुढच्या शतकांत रुजलं.

पण धुराड्याने एक दुखणं आणलं. धूर नेता नेता ते खोलीची ऊबही नेतं. धूरवाट ६० बाय ३० सेंटिमीटरची आणि धुराचा वेग सेकंदाला २ मीटर धरा. ८ बाय ५ मीटरच्या, ४ मीटर उंच खोलीतली सगळी हवा साधारण दहा मिनिटांत बाहेर जाते आणि तेवढीच गारठलेली हवा दाराखालच्या फटीतून आत येते. उरते ती फक्त निखाऱ्यांची धग, आणि धग सरळ रेषेत जाते: तोंड भाजतं, पाठ काकडते. उंच पाठीची बाकं, भिंतींवरचे जाड विणलेले पडदे, चारी बाजूंनी झाकलेला पलंग हे सगळं मला या गणिताशी जोडलेलं दिसतं. थाटमाट होताच, पण त्याआधी थंडी होती.

पुढे इंग्लंडमधल्या घरांत धुराड्यात जुना बूट लपवून ठेवायची रीत पडली. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा लपवलेल्या बुटांच्या नोंदी ठेवल्या आहेत. घराचं हे एकच भोक कायम उघडं, तेव्हा अभद्र तिथूनच शिरणार, अशी त्यामागची समजूत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याकडे ट्रकमागे चप्पल टांगतात, तोच मासला. बुटाने काहीही अडत नाही. धुराड्यातून खरोखर आत शिरतो तो उलटा वारा, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही की वास नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचा आपल्याकडे दर हिवाळ्यात जीव जातो, तो याच वायूमुळे.

रात्री आग विझवत नसत. निखारे राखेखाली झाकत, म्हणजे त्यांना हवा कमी मिळते, ते सावकाश धुमसतात आणि सकाळी फुंकर घातली की पेटतात. आपल्या आज्याही विस्तव असाच राखून ठेवत. आग झाकायची वेळ झाली की घंटा वाजायची. आग झाकणे याला जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्यावरूनच ‘कर्फ्यू’ आला.

स्टोकसेच्या दिवाणखान्याशेजारी, बाहेरच्या जिन्याने चढून जायची, मालकाची खासगी खोली आहे. तिला मात्र भिंतीतली शेकोटी आहे. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक छोटी खिडकी ठेवली आहे. ती उघडते खालच्या धुरकट दिवाणखान्यात.