ब्राउझर एकच, मग प्रोसेस इतक्या कशाला?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या नावाशेजारचा बाण दाबला की खाली प्रोसेसची, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, रांगच लागते. चार टॅबना पंधरा-वीस नोंदी! ‘क्रोम रॅम खातो’ ही तक्रार खोटी नाही, पण या प्रोसेस मुद्दाम वेगळ्या केलेल्या आहेत.

२००८ पर्यंत बहुतेक ब्राउझरांचा सगळा कारभार एकाच प्रोसेसमध्ये चालायचा. पानं नुसती वाचायची होती तोवर निभावलं. मग जीमेल, गूगल मॅप्स आले. दिसायला पानं, पण खरं तर ते प्रोग्रॅमच. एका टॅबमधली फ्लॅशची जाहिरात अडकली की अख्खी विंडो पांढरी पडायची आणि दुसऱ्या टॅबमधली अर्धी लिहिलेली मेलही गायब व्हायची.

२ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला, तो वेगळ्या रचनेचा. ती समजावायला गूगलने कॉमिककार स्कॉट मॅक्लाउड यांच्याकडून चक्क कॉमिक काढून घेतलं होतं. टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस, प्लगइन (फ्लॅशसारखे जोड-प्रोग्रॅम) निराळे आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी एक मुख्य प्रोसेस. शिफ्ट-एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडायचा (अजूनही उघडतो): कोणता टॅब किती मेमरी आणि किती सीपीयू घेतो ते बघा, नको असेल तो तेवढाच बंद करा. मायक्रोसॉफ्टचं कामही त्याच दिशेने चाललं होतं. मार्च २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये ते दिसलं.

फायरफॉक्सची मात्र फरफट झाली. त्याचे ॲड-ऑन (वापरणाऱ्याने वरून बसवलेल्या जोड-सुविधा) ब्राउझरच्या थेट पोटात हात घालायचे, त्यामुळे प्रोसेस वेगळी केली की ते मोडायचे. ‘इलेक्ट्रॉलिसिस’ हा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला, २०११ मध्ये बाजूला पडला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये फायरफॉक्स ४८ पासून लोकांपर्यंत पोचू लागला. पुढच्या वर्षी ५४ व्या आवृत्तीत पानांसाठी चार प्रोसेस आल्या. मेमरी आणि वेग यांत साधलेली ही तडजोड मला तरी शहाणपणाची वाटते.

ती टिकली नाही, कारण जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ उघड झालं. प्रोसेसरमधल्या या त्रुटीमुळे एखादं लबाड पान त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटचा डेटा वाचू शकलं असतं. क्रोम ६७ पासून डेस्कटॉपवर साइटनिहाय प्रोसेस वेगळ्या झाल्या. पानात दुसऱ्या साइटची चौकट असेल तर तिलाही स्वतंत्र प्रोसेस. गूगलच्याच म्हणण्यानुसार मेमरी १० ते १३ टक्क्यांनी वाढली. फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस हीच वाट धरली.

दरम्यान, मागे पडलेल्या टॅबना लगाम घालणंही सुरू होतं. २०११ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने अशा टॅबचे टायमर (ठरावीक वेळाने आपोआप होणारी कामं) सेकंदाला एकदाच चालतील असं केलं. २०२१ च्या क्रोम ८८ मध्ये पाच मिनिटं न बघितलेल्या टॅबची पाळी मिनिटाला एकदा आली. गाणं वाजत असेल तर सवलत. उलट २०१५ पासून क्रोममध्ये आलेले सर्व्हिस वर्कर (साइटच्या पडद्यामागे चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) टॅब बंद असतानाही जागे होऊन नोटिफिकेशन दाखवतात, मात्र काम नसलं की ब्राउझर त्यांना साधारण अर्ध्या मिनिटात बंद करतो.

सगळ्या खिडक्या बंद केल्यावरही विंडोजवर क्रोमची प्रोसेस उरलेली दिसली, तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’ विभागात बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवण्याचं बटण आहे. आधी ते तपासा.