पब्लिक डोमेन आणि क्रिएटिव्ह कॉमन्स: दोन्ही ‘फ्री’, पण नियम वेगळे

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये फ्लेक्स, स्मरणिका आणि रील यांना ऊत येतो. ‘फोटो नेटवरचा आहे, फ्रीच आहे’ असं म्हणून रामकुंडाचं कुणाचंही छायाचित्र उचललं जातं. खरोखर फ्री असलेल्या गोष्टींतही दोन जाती आहेत.

पब्लिक डोमेनमध्ये मालकीच संपलेली असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची. दादासाहेब फाळके 1944 मध्ये नाशिकला वारले, म्हणून त्यांचं लेखन 1 जानेवारी 2005 पासून खुलं आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क 31 डिसेंबर 2059 पर्यंत राहणार. म्हणून सारं नाशिक त्यांना आपलं मानत असलं, तरी मराठी भाषा गौरव दिनाच्या स्मरणिकेत अख्ख्या कविता छापायच्या तर परवानगी हवी. भगूरचे सावरकर 1966 मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2027 पासून खुलं. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या मजकुराची 60 वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात.

चित्रपटाची 60 वर्षंही प्रदर्शनापासूनच. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ 1919 चा, त्यामुळे मूळ दृश्यं बेलाशक वापरा. पण तो मूकपट आहे. यूट्यूबवरच्या प्रतीत वाजणारं संगीत नंतर कुणीतरी घातलेलं असतं आणि त्यावर हक्क असू शकतो. कॉपीराइटचा क्लेम येतो तो बहुधा तिथूनच, म्हणून आवाज काढूनच क्लिप घ्यावी. जुन्या पुस्तकांचंही असंच: मूळ मजकूर खुला, नवी प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद नव्हेत.

क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (‘सीसी’) मालक जागेवरच असतो. त्याने अटी घालून आगाऊ परवानगी दिलेली असते, एवढंच. ही कल्पना रुजवणाऱ्यांत अमेरिकी कायदेपंडित लॉरेन्स लेसिग आघाडीवर होते. 1998 मध्ये तिकडे कॉपीराइटची मुदत 20 वर्षांनी वाढली. या वाढीविरुद्ध, जुनी पुस्तकं नेटवर टाकणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांच्या बाजूने लेसिग सर्वोच्च न्यायालयात लढले आणि जानेवारी 2003 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी हरले. पण मुदत कमी होण्याची वाट न पाहता निर्मात्यालाच स्वेच्छेने काही हक्क सोडता यावेत, ही सोय त्याआधीच उभी राहिली होती. 2001 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि डिसेंबर 2002 मध्ये पहिले परवाने आले.

आज मुख्य परवाने सहा. सगळ्यांत ‘बाय’ आहे, म्हणजे श्रेय द्यायचंच. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर बंद. वाइनरीच्या किंवा हॉटेलच्या जाहिरातीत तो फोटो चालणार नाही. ‘एनडी’ असेल तर फेरफार करून प्रसिद्ध करायचं नाही. ‘एसए’ असेल तर फेरफार करून बनवलेली तुमची कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते, आणि घोळ होतो तो नेमका इथे. विकिमीडिया कॉमन्सवरचे (विकिपीडियाच्या छायाचित्र-भांडारातले) कित्येक फोटो ‘सीसी बाय-एसए’ असतात, आणि ही अट वापरणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

‘सौजन्य: गूगल’ हे श्रेय नव्हे. शीर्षक, छायाचित्रकाराचं नाव, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव व आवृत्ती, आणि कापाकापी केली असेल तर तसा उल्लेख, एवढं हवं. फ्लेक्सवर खाली बारीक ओळ चालते, रीलला वर्णनात लिहावं. आवृत्ती पाहण्याला कारण आहे. 4.0 मध्ये चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर परवाना आपोआप परत मिळतो. 3.0 मध्ये ही सवलत नाही. अट मोडली की परवाना संपला. नुकसानभरपाईच्या नोटिसा पाठवणारे याच फटीवर जगतात.

आणखी दोन खाचखळगे. अपलोड करणारा खरा मालक नसेल तर त्याने दिलेला परवाना पोकळ, म्हणून फोटोच शोधयंत्रात टाकून (‘रिव्हर्स इमेज सर्च’) त्याचं मूळ ठिकाण तपासावं. शिवाय परवाना कॉपीराइटपुरताच असतो. शाही स्नानातल्या साधूचा चेहरा साबणाच्या जाहिरातीत वापरायचा, तर छायाचित्रकाराच्या परवान्याने भागत नाही, त्या साधूचीही लेखी संमती घ्यावी.