तेलाची विहीर, लिलाव भिशी आणि क्वार्टरबॅक

आधी एक खुलासा करतो, नाहीतर कोल्हापूरकर रागावतील. इथे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार होतो तो नाही, अमेरिकेतला, हेल्मेट घालून लांबुळक्या बॉलने खेळतात तो, ज्यात पायाचं काम तसं कमीच. त्यांची लीग एनएफएल, ३२ टीम्स, आणि मॅचेस वर्षातून जेमतेम पाच महिने. उरलेल्या महिन्यांत, म्हणजे ऑफसीझनला, बंद खोलीत जो खेळ चालतो ना, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कुठला नवा पोरगा उचलायचा, तो मला मैदानावरच्या खेळापेक्षा जास्त आवडतो. कारण त्यात घाम नाही, नुसतं गणित आणि माणसाचा हावरटपणा.

एक किस्सा बघा. मार्च २०२१, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सना नवा क्वार्टरबॅक हवा होता (क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा मेंदू, सगळ्यात महागडा माणूस). त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातली नवी पोरं टीम्सनी आळीपाळीने निवडायची, एका निवडीचा हक्क म्हणजे एक पिक, नियम पुढे सांगतो) त्यांचा नंबर १२ वा, पण चांगले क्वार्टरबॅक तोवर संपतील म्हणून त्यांना वर सरकायचं होतं. मग मायामीच्या टीमला त्यांनी आपला १२ वा नंबर दिला, वर २०२२ आणि २०२३ चे पहिल्या राउंडचे पिक दिले, वर आणखी एक तिसऱ्या राउंडचा दिला, आणि तिसरा नंबर घेतला. त्यावर उचलला ट्रे लान्स. त्याने त्यांच्यासाठी किती मॅचेस सुरुवातीपासून खेळल्या? ४. मध्ये घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलसला चौथ्या राउंडच्या एका पिकवर देऊन टाकला.

दरम्यान एप्रिल २०२२ च्या ड्राफ्टमध्ये एकूण २६२ पोरं निवडली गेली आणि २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा, याच टीमने घेतला. ब्रॉक पर्डी. शेवटच्या माणसाला तिकडे चेष्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, आपल्याकडे ‘बिनकामाचे रावसाहेब’ म्हणू. तर या रावसाहेबांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत नेलं, आणि त्या सीझनचा त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. डॉलरमध्ये लाख ऐकून डोळे मोठे करू नका, त्या धंद्यात ही चिल्लर आहे.

आता टीम तीच, स्काउट (खेळाडू हेरणारे) तेच, ऑफिस तेच. मग एवढी मोठी चूक आणि एवढी मोठी लॉटरी एकाच घरात कशी? नशीब म्हणाल तर अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं समजून घ्यायला तेलाच्या विहिरीकडे जावं लागतं.

पण आधी ड्राफ्टचा नियम. आयपीएलमध्ये लिलाव असतो, पैसे असतील तो घेईल. इथे तसं नाही. सात राउंड, आणि प्रत्येक राउंडमध्ये गेल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी निवडणार, चॅम्पियन शेवटी. पंगतीत अशक्त पोराला आधी वाढायचं, तसं. हे १९३६ पासून चालू आहे, आणि गंमत म्हणजे पहिल्यांदा निवडलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही, पैसे कमी वाटले म्हणून दुसरीकडे नोकरीला गेला. म्हणजे पहिल्या नंबरची पहिली फजिती तेव्हाचीच. तर तुमचा नंबर तुम्ही विकू शकता, बदलू शकता, पुढच्या वर्षीचाही आजच देऊन टाकू शकता. आणि जिथे अदलाबदल आली तिथे भाव आला.

१९७१ साली अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी एक पेपर लिहिला. मेक्सिकोच्या आखातात समुद्राखालच्या जागांचे लिलाव व्हायचे, कंपन्या बोली लावायच्या, आणि जिंकलेल्या कंपन्यांना मिळायला हवं होतं त्यापेक्षा फार कमी मिळत होतं. का? समजा एका जागेत खरोखर १०० कोटींचं तेल आहे, पण वरून दिसत नाही, म्हणून दहा कंपन्या दहा अंदाज बांधतात, कोणी ६०, कोणी ९५, कोणी १४०. सरासरी काढली तर अंदाज बरोबरच आहे, कोणी मूर्ख नाही. पण जागा सरासरीला मिळत नाही, १४० वाल्याला मिळते. म्हणजे जो वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकला तोच जिंकला! याला ‘विनर्स कर्स’ म्हणतात, जिंकणाऱ्याचा शाप.

आता तेलाच्या जागी २२ वर्षांचा पोरगा ठेवा. ३२ टीम्सचे स्काउट त्याला कॉलेजात बघतात, मग इंडियानापोलिसला निवडक पोरांना बोलावून ४० यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, हाताचा पंजासुद्धा मोजतात. तरी आतलं तेल दिसत नाहीच. आणि त्याच्यासाठी दोन-तीन वर्षांचे पिक उधळून वर कोण सरकणार? ज्याला तो सगळ्यात भारी वाटला तो. म्हणजे पुन्हा १४० वालाच.

आणि योगायोग बघा, ड्राफ्टचा भाव पहिल्यांदा कागदावर मांडणारा माणूसही तेलवालाच निघाला. १९८९ मध्ये जेरी जोन्स या तेलवाल्याने डॅलस काउबॉइज टीम विकत घेतली. त्याचा धंद्यातला पार्टनर माइक मॅकॉय, पेशाने इंजिनिअर. कोच जिमी जॉन्सन सारखा पिकची अदलाबदल करायचा, पण कुठल्या नंबरला काय मागायचं हे प्रत्येक वेळी अंदाजाने. मग १९९१ च्या सुमारास मॅकॉयने जुने सौदे गोळा करून एक तक्ता बनवला. पहिला नंबर ३००० पॉइंट, दुसरा २६००, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. म्हणजे एका पहिल्या नंबरच्या बदल्यात तीन सोळावे. हा तक्ता हळूहळू सगळ्या लीगमध्ये पसरला, आणि पुढची कितीतरी वर्षं सगळे याच्यावर बघूनच सौदे करत होते.

पण मेख इथेच आहे. मॅकॉयने मोजलं काय? लोक किती देतात ते. पोरगा पुढे कसा खेळतो ते त्यात कुठेच नाही. मंडईत सगळे टोमॅटो शंभर रुपयांनी घेतायत म्हणून शंभरचा बोर्ड लावला, आणि बोर्ड शंभरचा आहे म्हणून सगळे शंभर द्यायला लागले, असा तो प्रकार.

हे तपासलं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी. थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी सरळ हिशोब केला: नव्या पोराने जे काम केलं तेवढंच काम करणारा अनुभवी खेळाडू बाजारातून आणला असता तर किती पडले असते? त्यातून पोराचा पगार वजा करा. उरला तो टीमचा फायदा. आता तुम्हाला वाटेल की पहिल्या नंबरवर फायदा सगळ्यात जास्त असेल आणि मग उतरत जाईल. उलटंच निघालं! पहिल्या राउंडमध्ये जसजसे खाली याल तसतसा फायदा वाढतो आणि दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला कुठेतरी तो सगळ्यात जास्त होतो. खेळ खाली येताना कमी होतो हे खरंच, पण पगार त्याहून वेगाने कमी होतो. म्हणजे सगळ्यात वाईट टीमला दया म्हणून दिलेला पहिला नंबर, तोच फायद्याच्या हिशोबात मागे. पेपरचं नावच त्यांनी ठेवलं ‘लूझर्स कर्स’.

आणखी एक आकडा, जो वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. समजा एकाच जागेवर खेळणारे दोन पोरं लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता किती? साधारण ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. एवढे स्काउट, एवढे व्हिडिओ, विमानप्रवास, आणि हातात काय तर दोन टक्के.

याचा अर्थ स्काउट बिनडोक असा नाही हं. गोळा केलेली माहिती वाढते तसा आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढतोच असं नाही, हे मानसशास्त्रात आधीच दिसलं होतं. पॉल स्लोविकने १९७३ मध्ये घोड्यांच्या रेसचा अंदाज सांगणाऱ्या ८ पक्क्या लोकांना आधी ५ गोष्टींची माहिती दिली, मग १०, मग २०, मग ४०. अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण जिथल्या तिथे, पण स्वतःवरचा भरवसा जवळपास दुप्पट. महालक्ष्मी रेसकोर्सवर पुस्तक घेऊन बसलेल्या एखाद्या काकांना हे सांगून बघा, मार खाल.

आता भिशीकडे येऊ. लिलाव भिशी माहीत असेलच, ज्याला नड आहे तो बोली लावून, तोटा सोसून आधी उचलतो, आणि ज्याला घाई नाही तो शांत बसून त्या तोट्यावर कमावतो. ड्राफ्टमध्ये डिट्टो हेच चालतं. मोघम रिवाज असा की यंदाचा दुसऱ्या राउंडचा पिक हवा असेल तर पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा द्यायचा. त्या तक्त्याच्या पॉइंटांत मॅसी-थेलरनी याचा व्याजदर काढला तर वर्षाला १०० टक्क्यांच्याही वर गेला, सावकार लाजेल. मग टीम्स असं का करतात? कारण जनरल मॅनेजरला माहितीये की यंदा हरलो तर पुढच्या वर्षी या खुर्चीत दुसराच कोणीतरी असणार, मग पुढच्या वर्षीचं पिक वाचवून ठेवायचं कोणासाठी? म्हणजे त्याच्या जागेवरून बघितलं तर तो वेडा नाहीच, नुकसान टीमचं आहे, त्याचं नाही.

पगाराची बाजूही बघायला हवी, कारण १९९४ पासून सॅलरी कॅप आहे. २०२३ मध्ये प्रत्येक टीमला सगळ्या खेळाडूंवर मिळून २२ कोटी ४८ लाख डॉलरच्या आत बसायचं होतं, २०२५ मध्ये हाच आकडा २७ कोटी ९२ लाख झाला. म्हणून पर्डीसारखा पोरगा सोन्याच्या भावाचा, तो कॅपचा अर्धा टक्काही खात नव्हता, उरलेल्या पैशांत बाकी टीम तगडी ठेवता आली. (मे २०२५ मध्ये त्याने ५ वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार केला, म्हणजे मज्जा संपली.) कॅपमधून पळवाटही आहे. करार ५ वर्षांचा करायचा, आणि ५ कोटींचा बोनस आजच रोख द्यायचा, पण कॅपच्या वहीत तो दरवर्षी १-१ कोटी असा लिहायचा. छान वाटतं ना? पण दोन वर्षांनी त्याला काढलात तर उरलेले ३ कोटी वहीतून जात नाहीत, याला डेड मनी म्हणतात. गाडी चोरीला गेली तरी हप्ते चालूच. डेन्व्हरने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला काढलं तेव्हा असे साडेआठ कोटी डॉलर डोक्यावर घेतले, दोन सीझनमध्ये वाटून, समोरच्या टीमसाठी खेळणाऱ्या माणसाचे.

तर मग करायचं काय, सगळ्यांनी खालीच सरकायचं? साधारणपणे हो, एका भारी पिकचे दोन-तीन मध्यम करा, पुढच्या वर्षीचे पिक दुसऱ्यांच्या घाईतून स्वस्तात उचला, कारण नाणंच उडवायचं असेल तर जास्त वेळा उडवलेलं बरं. पण सरसकट नाही. एकतर २०११ मध्ये नियम बदलला आणि नव्या पोरांचे पगार बांधले गेले. २०१० चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्ड, ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख, पुढच्याच वर्षीचा कॅम न्यूटन, ४ वर्षांचे २ कोटी २० लाख. त्यामुळे वरच्या नंबरचा शाप बराच सौम्य झाला. आणि दुसरं, कधीकधी १४० वाला बरोबर असतो. २०१७ मध्ये शिकागोने तीन पिक जादा देऊन तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली, घेतला मिचेल ट्रुबिस्की, फसले. त्याच रात्री कॅन्सस सिटीनेही मोठी किंमत देऊन २७ वरून १० वर उडी मारली, आणि घेतला पॅट्रिक महोम्स. त्याने पुढे टीमला चॅम्पियन केलं, म्हणजे ही उडी जमली. दोघांच्याही खोलीत त्या रात्री आत्मविश्वास सारखाच असणार, असं माझं मत.

माझी आवडती गोष्ट मात्र २०१२ ची. वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी सहाव्यावरून दुसऱ्या नंबरवर जायला सेंट लुइस रॅम्सना त्या वर्षीचा दुसऱ्या राउंडचा पिक आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक दिले. पहिल्या सीझनला ग्रिफिनने धमाल केली, मग गुडघा गेला. (आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडला घेतलेला कर्क कझिन्स पुढे त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला, म्हणजे इथेही एक रावसाहेब होतेच.) रॅम्सनी मिळालेले पिक आणखी फोडले, विकले, त्यातून कितीतरी खेळाडू उभे केले. डिसेंबर २०१४ मध्ये या दोन टीम्स समोरासमोर आल्या. ग्रिफिनला थोड्याच दिवसांपूर्वी बेंचवर बसवलं होतं. टॉसला साधारण दोन-तीन कॅप्टन जातात, पण रॅम्सचा कोच जेफ फिशरने त्या दिवशी बरोब्बर त्यांच्यातलेच सहा जण मैदानाच्या मध्यावर पाठवले. सहाही जण, एका रांगेत, समोर वॉशिंग्टन. नाणं उडवलं गेलं, मॅच झाली, रॅम्स २४, वॉशिंग्टन ०.