कुली (व्युत्पत्ती)

कुली : मजुरी घेऊन ओझे वाहणारा इसम. तमिळपासून चिनीपर्यंत आणि डचपासून इंडोनेशियनपर्यंत हा शब्द उच्चारात थोडाफार फरक होऊन समजला जातो. त्याचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. ठाणे परिसराचा या वादाशी जवळचा संबंध येतो. एका मतानुसार शब्द ‘कोळी’ या जातिनामापासून निघाला आणि त्यासाठी पुढे केला जाणारा एक फार जुना दाखला याच किनाऱ्यावरचा, वसईचा आहे. (वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती.)

कोळी-मताचा पुरस्कार यूल व बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात केला. पश्चिम भारतातील कोळी लोक अशी अंगमेहनतीची कामे पूर्वापार करीत, त्यांचे नाव पोर्तुगीजांनी उचलले व पुढे ते इतर बंदरांत गेले, असा त्यांचा तर्क. आधारासाठी त्यांनी सोळाव्या शतकातील पोर्तुगीज उतारे दिले. त्यांपैकी १५४८ चा उतारा सिमाव बोतेल्यु या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या महसूल-नोंदीतला असून तीत वसईच्या नदीत व समुद्रातील खुंटांवर मासेमारी करणाऱ्या ‘कोलें’कडून घ्यावयाच्या कराचा उल्लेख येतो. समुद्रात खुंट रोवून त्यांना डोल (पिशवीसारखे मोठे जाळे) बांधायची ही पद्धत या किनाऱ्याला नवी नाही, तेव्हा ‘कोलें’ म्हणजे कोळीच यात शंका राहत नाही. पण नेमके इथेच मत लंगडे पडते. नोंदीतला कोळी ओझे वाहत नाही. तो मासे धरतो आणि सरकारला कर भरतो. त्याच काळातील दुसऱ्या काही पोर्तुगीज उताऱ्यांत गुजरातकडचे कोळी लुटारू म्हणून येतात. जातीचे नाव पोर्तुगीजांच्या कानांवर होते एवढेच यांवरून सिद्ध होते; नावापासून धंद्यापर्यंतचा दुवा कोशकारांनी अनुमानाने जोडला आहे. शिवाय सोनकोळी, महादेव कोळी, मल्हार कोळी या वेगवेगळ्या समाजांना एकाच मापाने मोजण्याची जुन्या लेखकांची सवय इथेही दिसते.

दुसरे मत द्राविडी. तमिळ, तेलुगू, कन्नड व मलयाळम या चारही भाषांत ‘कूलि’ म्हणजे मजुरी, रोजंदारीचा मोबदला. मोबदल्याचे नाव मोबदला घेणाऱ्याला चिकटणे हा अर्थबदल सहज पटण्यासारखा आहे. दीर्घ ‘ऊ’ही जुळतो, जो ‘कोळी’तल्या ‘ओ’पासून काढायचा तर खटाटोप करावा लागतो. तमिळमध्ये मजुराला ‘कूलिक्कारन्’ किंवा ‘कूलियाळ्’ असे पूर्ण रूप आहे, ते तोडून नुसते ‘कूलि’ कोणी व कुठे केले, एवढा प्रश्न या मतापुढे उरतो. तो कोळी-मतापुढच्या अडचणीपेक्षा लहान आहे.

तिसरे मत तुर्की ‘कुल’ (गुलाम) या शब्दाकडे बोट दाखवते. मुहंमद कुली कुतुबशाह या नावातला ‘कुली’ तोच. काही इंग्रजी कोश हा शब्द मूळ म्हणून न देता हिंदी-तेलुगू ‘कूली’वर त्याची छाया पडली असावी एवढेच म्हणतात, आणि ते अधिक सावध वाटते.

चिनी मूळ सांगणारी एक लोकप्रिय समजूतही आढळते. चिनी लेखनात ‘खू-ली’साठी कष्ट व बळ या अर्थांची चिन्हे वापरतात, त्यामुळे ती पटकन खरी वाटते. पण तेथील मजूर-व्यापार एकोणिसाव्या शतकातला, तर भारतातील वापर त्याच्या फार आधीचा. चिन्हे परक्या शब्दाला ध्वनी व अर्थ दोन्ही पाहून लावलेली आहेत.

१८३४ पासून मॉरिशसला व नंतर इतर वसाहतींत गिरमिटिया (करारबद्ध) मजूर गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला. दक्षिण आफ्रिकेत तो भारतीयांना उद्देशून शिवीसारखा वापरला गेला.

मराठीत या अर्थी अरबीतून आलेला ‘हमाल’ रुळलेला आहे; ‘कुली’ मुख्यतः रेल्वे फलाटापुरता. नवी मुंबईच्या बाजार आवारात ‘माथाडी’ म्हणतात, १९६९ च्या कायद्याने त्याला अधिकृत रूप दिले. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलींना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा झाली. ठाणे-नवी मुंबईतील चेंदणी, दिवाळे, सारसोळे येथील कोळीवाड्यांत ‘कोळी’ हे नाव जात व मासेमारीचा धंदा यांसाठीच चालते, हमालीसाठी नव्हे.