पेनड्राइव्ह लावायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, सातपूर-अंबडची वर्कशॉप असोत की शरणपूर रोडची ऑफिसं, आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, डेटा गेला का हो? घाबरू नका, बहुतेक वेळा गेलेला नसतो. हे वर्मचं काम, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या व्हायरससारख्या प्रोग्रामचं. तो तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, तुम्ही डबल क्लिक केलं की आधी स्वतः चालू होतो आणि मग तुमचा फोल्डरपण उघडून देतो, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही आणि पुढे त्या कॉम्प्युटरला जो पेनड्राइव्ह लागेल त्यातही तो जाऊन बसतो. खूण बघा, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज एक-दोन केबी. असं दिसलं की क्लिक नको, फॉरमॅट तर मुळीच नको, तसाच आमच्याकडे आणा.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी पेनड्राइव्ह देताच ना, तिथे दिवसभर कुणाकुणाचे लागतात. त्या कामाला वेगळा ठेवा, त्यात फक्त प्रिंटची फाइल.

आता नेटवर्कवरून येणारे वर्म, हे जास्त वाईट कारण यांना तुमच्या क्लिकचीपण गरज नसते, लॅनवर, म्हणजे ऑफिसातले पीसी एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कवर, एक पीसी अपडेट नसलेला सापडला की झालं. मे २०१७ मधला वॉनाक्राय असाच पसरला, फायली लॉक करून पैसे मागायचा, आणि त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं! २००३ चा स्लॅमर अवघा ३७६ बाइटचा, दहा मिनिटांत जगभर गेला, त्याचाही पॅच सहा महिने आधी आलेला. म्हणून आम्ही अपडेटच्या एवढं मागे लागतो. रिटर्न भरायच्या दिवशी थांबवलंत तर समजू शकतो, पण त्याच रात्री पीसी चालू ठेवून होऊ द्या. क्रॅकवालं विंडोज आम्ही टाकून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टपण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनचं काय करायचं ते एकदा येऊन बोला.

सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला) जोडलेला पीसी जुन्या विंडोजवरच चालतो, कंपनीवाले हात लावू देत नाहीत, हे आम्हाला माहितीये. मग निदान त्याला इंटरनेट देऊ नका, ऑफिसच्या लॅनपासून तोडा, आणि प्रोग्राम न्यायचा पेनड्राइव्ह ठरलेला एकच, आधी ऑफिसच्या पीसीवर स्कॅन करून मगच लावायचा. ऑपरेटरने त्याच पीसीवर मोबाइल चार्जिंगला लावू नये.

टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि झाला की डिस्क काढून ठेवा, लावलेली राहिली तर फायली लॉक करणारा वर्म तिलाही सोडत नाही.

काही गडबड वाटलीच तर आधी लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, मग आम्हाला फोन करा. बँकेतून पैसे गेले असतील तर मात्र आमच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.