मेदाम्ल पूरके आणि रक्तातील मेद

माशाचे तेल, शैवालाचे तेल, जवसाचे तेल अशा स्रोतांपासून मिळवलेली आणि बहुधा कॅप्सूलच्या रूपात घेतली जाणारी मेदाम्ले म्हणजे मेदाम्ल पूरके. त्यांपैकी ओमेगा-३ गटातील ईपीए व डीएचए या दोन मेदाम्लांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. ही पूरके कोलेस्टेरॉल कमी करतात हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. त्यांचा खरा परिणाम होतो तो ट्रायग्लिसराइडांवर, म्हणजे रक्तातील दुसऱ्या एका प्रकारच्या मेदावर. एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल त्यांनी फार तर किंचित वाढते. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल मात्र उतरत नाही, उलट ज्यांचे ट्रायग्लिसराइड मुळातच खूप वाढलेले असतात त्यांच्यात डीएचएयुक्त पूरकांनी ते वाढूही शकते.

यकृत मेदाम्लांपासून ट्रायग्लिसराइड तयार करते आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडते. ईपीए व डीएचए यांच्यामुळे ही निर्मिती मंदावते, यकृतात मेदाम्लांचे ज्वलन वाढते आणि रक्तात आलेल्या कणांतील मेदही लवकर निघून जातो.

मात्रेचा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. ट्रायग्लिसराइडांची पातळी दर डेसिलिटरला २०० ते ४९९ मिलिग्रॅम असलेल्या प्रौढांमध्ये औषधी प्रतीच्या ओमेगा-३ची रोज ४ ग्रॅम मात्रा ती साधारण २० ते ३० टक्क्यांनी खाली आणते; पातळी ५०० किंवा त्याहून अधिक असेल, म्हणजे स्वादुपिंडदाहाचा धोका असेल, तर घट बहुधा ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्यापुढेही जाते. बाजारातील नेहमीच्या कॅप्सूलवर १,००० मिलिग्रॅम असे ठळक छापलेले असते, परंतु तो आकडा एकूण तेलाचा असतो. त्यात ईपीए सुमारे १८० आणि डीएचए सुमारे १२० मिलिग्रॅमच असते. अशा एका कॅप्सूलने ट्रायग्लिसराइडांत लक्षणीय फरक पडण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे शरीरात ईपीएमध्ये रूपांतर फारच थोडे होते, त्यामुळे त्याचा ट्रायग्लिसराइडांवरील परिणामही क्षीण असतो.

रक्तातील आकडा सुधारला म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे मात्र नाही. २०१८मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या रिड्यूस-इट चाचणीत स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे घेणाऱ्या ८,१७९ रुग्णांपैकी शुद्ध ईपीए मिळालेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. याउलट ईपीए व डीएचए एकत्र दिलेली, १३,०७८ रुग्णांवरील स्ट्रेंग्थ चाचणी लाभाची शक्यता न दिसल्याने २०२०मध्ये आवरती घ्यावी लागली. पहिल्या चाचणीत तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते आणि त्या गटाचे एलडीएल वाढले होते. मिळालेल्या लाभात याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही चाचण्यांत ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये आलिंद कंपन हा हृदयलयीचा विकार अधिक आढळला, म्हणून ४ ग्रॅमची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते.