एनसी की एफआयआर? पोलीस ठाण्यातून मिळालेला कागद नीट वाचा

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कळव्यात आमच्या मामांना सोसायटीच्या पार्किंगवरून शेजारच्या विंगमधल्या दोघांनी मारलं. मामा एकसष्ट वर्षांचे. उजवं मनगट टम्म सुजलेलं, चष्मा फुटलेला. रात्री अकराला पोलीस ठाण्यात गेलो, दीड तास बाकावर बसलो, मग ठाणे अंमलदारांनी एक छापील कागद भरून हातात दिला. "झाली तक्रार, काका. घरी जा आता, आम्ही बघतो." मामांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि रिक्षात तीनदा म्हणाले, "बरं झालं, केस झाली."

केस झाली नव्हती. तो कागद एनसीचा, म्हणजे 'नॉन-कॉग्निझेबल' (अदखलपात्र) गुन्ह्याच्या नोंदीचा होता.

एनसी म्हणजे छोटा एफआयआर, असं आपल्याकडे भलेभले समजतात. दोन्ही पोलीस ठाण्यातच लिहिले जातात, दोन्हींवर नंबर आणि शिक्का असतो, म्हणून गफलत होते. पण कायद्याने ही दोन वेगळी दारं आहेत. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याचा असतो. तो नोंदला की पोलीस कोणालाही न विचारता तपास सुरू करू शकतात : पंचनामा, जबाब, फुटेज ताब्यात घेणं, गरज पडली तर अटक. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते. त्यात मजकूर वहीत नोंदवायचा आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं, एवढंच पोलिसांचं काम. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करताच येत नाही. म्हणजे एनसी देताना "आम्ही बघतो" म्हणणं हे जे कायद्याने करता येत नाही त्याचं आश्वासन आहे. मामांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली. "कोर्टात जावं लागेल" हे एक वाक्य त्यांना कोणी सांगितलं नाही.

कागद ओळखायचा कसा? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात एफआयआरचं कलम १७३ आहे आणि एनसीचं १७४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १५४ आणि १५५ होते. कागदावर हा आकडा शोधा. एफआयआरवर 'प्रथम खबर' लिहिलेलं असतं, गुन्हा रजिस्टर नंबर असतो, आणि त्याची प्रत तक्रारदाराला फुकट मिळायलाच हवी.

कुठला गुन्हा कुठल्या दारातून जाणार, हे ड्युटीवरच्या साहेबांच्या मनावर नसतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ते गुन्ह्यागणिक लिहिलेलं आहे. मारहाणीच्या एनसीवर वर्षानुवर्षं जुन्या दंड संहितेची (आयपीसी) एकच तिकडी दिसायची : कलमं ३२३, ५०४, ५०६. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाली आहेत. मामांच्या कागदावर हीच तीन होती. पण हाड मोडलं, सांधा निखळला किंवा दात पडला की ती साधी दुखापत राहत नाही. कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत होते, कलम ११७(२) लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. घातक हत्याराने मारलं असेल तर जखम साधी असली तरी ११८(१), तेही दखलपात्र. आणि एकाच घटनेत चार गुन्हे असून त्यातला एक जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(४) सांगतं.

पोलिसांनी दिलेली मेडिकल यादी, म्हणजे जखमा तपासण्यासाठी रुग्णालयाला दिलेलं पत्र, घेऊन आम्ही त्याच रात्री रुग्णालयात गेलो. सकाळी एक्स-रेमध्ये मनगटाला फ्रॅक्चर निघालं. रिपोर्ट घेऊन परत पोलीस ठाण्यात गेलो, तर उत्तर मिळालं, "एनसी झालीय ना, मग परत कशाला?" एनसी झाली म्हणून एफआयआरचा रस्ता बंद होतो, असं कायद्यात कुठेही नाही. दखलपात्र गुन्हा समोर आला की तो नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तीही वरिष्ठांच्या परवानगीने आणि १४ दिवसांत उरकायची.

चोरीत आणखी एक तिसराच कागद मध्ये येतो : गहाळ झाल्याचा दाखला. कळवा-ठाण्याच्या दरम्यान लोकलच्या दारात फटका मारून मोबाइल नेला, आणि पोलीस म्हणतात, "हरवला असं लिहा, लगेच मिळेल, नंबर ब्लॉक करायलाही चालेल." ब्लॉक करायला चालतो, खरंय. पण हरवलेल्या वस्तूला चोर नसतो, म्हणून शोधायचं कोणाला हा प्रश्नच उरत नाही. हिसकावून नेणं हे आता न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र आणि दखलपात्र आहे. मात्र एक बदल लक्षात ठेवा : ५,००० रुपयांखालची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. त्यामुळे वस्तूची किंमत सांगताना बिल जवळ ठेवा. आणि "ही आमची हद्द नाही, लोहमार्ग पोलिसांकडे जा" हे कारण एफआयआर नाकारायला चालत नाही. झिरो एफआयआर नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम.

पोलिसांना एनसी का सोयीची, हे मला कळतं. एफआयआर झाला की आकडेवारीत गुन्हा वाढतो, तपास अधिकारी नेमावा लागतो, डायरी लिहावी लागते, ९० दिवसांत तक्रारदाराला तपासाची प्रगती कळवावी लागते. माणसं कमी, बंदोबस्त रोजचा. हे सगळं मान्य. पण मग ही अडचण सगळ्यांना सारखी लागायला हवी. त्या रात्री आमच्यानंतर आलेला एक माणूस, बरोबर दोन ओळखीचे लोक घेऊन, थेट केबिनमध्ये गेला आणि अर्ध्या तासात त्याचा एफआयआर टाइप होत होता. मामा बाकावर मनगट धरून ते बघत होते. याच जिल्ह्यात बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायला उशीर झाला, आणि २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळांवर उतरले. नोंदीतली दिरंगाई हे तिथल्या संतापाचं एक मोठं कारण होतं.

एफआयआर नाकारला तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने पाठवा. पुढचा अर्ज कलम १७३(४) खाली परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना. तरीही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे, कलम १७५(३) खाली. आणि गुन्हा खरोखरच अदखलपात्र असेल तर एनसी फाइलला लावून विसरू नका. तपासाचा आदेश मागायला किंवा थेट खासगी फिर्याद द्यायला कोर्टात जा. नुसत्या ११५(२) साठी कोर्टाने दखल घेण्याची मुदत एकच वर्षाची आहे. शेजाऱ्यांच्या रोजच्या भांडणात एनसी अगदीच वाया जात नाही. तिच्यावरून पोलीस चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई, करू शकतात, आणि पुढे काही मोठं घडलं तर आधीचा लेखी पुरावा राहतो.

मामांनी उपायुक्तांना अर्ज पाठवला. सतराव्या दिवशी एफआयआर झाला, ११७(२) सह. तपासाला आलेल्या हवालदारांनी सोसायटीच्या ऑफिसात पहिल्यांदा सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं. आमच्या सोसायटीत ते पंधराच दिवस राहतं.